तीन हात

डबा उघडण्याआधीच वडील म्हणाले, चकाकी मार.
गुळगुळीतावर काही टिकत नाही.

हँक्सव्हिलच्या बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, सकाळी सहाला,
कारण दहानंतर युटाचं ऊन छपरावरून खाली उतरतं
आणि लेप ब्रशवरच वाळायला लागतो.
ट्रकच्या हौद्याला लावतात तोच हा, काळा, दाणेदार,
दगड पडले तरी ओरखडा नाही, असं डब्यावर लिहिलंय.

जीपच्या पोटातलं सगळं बाहेर काढलंय:
दोन्ही सीटा, मधली पेटी, आणि तो गालिचा,
सव्वीस वर्षांची लाल माती पिऊन
ज्याचा नुसता वाफा झाला होता.
त्याच्याखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.
एक बारा नंबरचा पाना, ज्याच्यावरून
शेजारच्या लॅमारशी चार वर्षं अबोला होता.
कुत्र्याचे केस. कुत्रं केव्हाच गेलं,
केस अजून पिवळेच.

वडील खुर्चीवर, दाराकडे तोंड करून.
त्यांना आता उजेड तेवढा कळतो,
आणि उजेडात कोणी आडवं आलं तर ते.
कान मात्र शाबूत.
मी पॉलिशपेपर घासते, तो
आधी किंचाळतो, मग खरखरतो, मग
झोपलेल्या माणसासारखा श्वास घेतो.
"आता पुढे सरक."
थोड्या वेळाने: "डावा कोपरा. आळस केलास."
केला होता.

बोल्टांच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले,
नाहीतर लेप आत शिरून दगड होतो, सीट परत बसत नाही.
पाणी जायला पाडलेली दोन भोकं तेवढी मोकळी ठेवायची.
नदी आत आली तर तिला
बाहेरची वाट हवी, हे त्यांचं जुनं म्हणणं.

मग ते उठले. दाराला धरून, गुडघ्यांवर,
तळहाताने तपासत निघाले सगळा पत्रा,
ड्रायव्हरकडून पलीकडे,
आणि पलीकडे, पुढच्या बाजूला, हात थांबला.

तिथे रंग नव्हता. प्रायमर नव्हता.
उघड्या पत्र्यात टाचेएवढा खळगा.

तिथे ब्रेक कधीच नव्हता.
पण कड्याकडेच्या प्रत्येक वळणावर आई तो दाबायची,
टाच रोवून, जबडा आवळून,
डाव्या हाताने माझी कॉलर मागून धरून.
वडील हसायचे.
एकदा म्हणाले, ल्यूएला, गाडी तुझ्याच ब्रेकने थांबते बघ.
ती हसली नाही.
रीनोला बहिणीकडे जाऊन तिला अकरा वर्षं झाली.
रविवारी फोन करते, हवामान विचारते.

मी लेप ढवळून ठेवला होता. एकदा ढवळला की
तो कुणासाठी थांबत नाही.
त्यांचा अंगठा त्या खळग्यात
गोल फिरत होता, जसं काही
किती खोल ते मोजून कुणाला तरी सांगायचंय.

"इथे तीन हात दे."
"आणि बाकी?"
"बाकी दोन."

दिले.
पहिला हात पत्र्याने पिऊन टाकला.
दुसऱ्याला सरड्याच्या पाठीचा खडबडीतपणा आला.
तिसरा द्यायला मी उलटी होऊन आत शिरले,
डॅशबोर्डखाली मान वाकडी, नाकात तो उग्र वास,
आणि तेव्हा लक्षात आलं:
हा लेप भरत नाही. झाकतो फक्त.
खाली जसं असेल तसंच वर येतं,
जरा जाड होऊन.

थिनरने हात धुतले. निघालं नाही.
बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला काळं तसंच,
लॅमार म्हणाला, कातडी टाकेल तेव्हाच जाईल.
(पाना त्याला परत दिला. घेतला. बोलला काही नाही.)

संध्याकाळी फोन वाजला. काळ्या बोटांनी उचलला.
"कसं आहे तिकडे?" आईने विचारलं.
"कोरडं," मी म्हटलं.

दारातल्या खुर्चीवरून वडील ओरडले,
"कुठलं कोरडं! हात लावून बघ, अजून ओलं आहे.
उद्यापर्यंत आत पाय ठेवायचा नाही कोणी."