ओलं असताना

शिरगणतीचा मास्तर कौलभट्टीवर आला.
नाव? इनास.
मातृभाषा?
आईशी कोंकणी, भट्टीवर मराठी,
तहसीलदारापुढं नुसतंच ‘हौदु सार’.
कुठली लिहू?
मी चिखलाचे हात पुसत राहिलो.

धर्म मात्र त्यानं विचारायच्या आतच
सांगून टाकला,
आणि माझा मीच दचकलो.
नाताळ सोडला तर
चर्चची पायरी न चढणारा मी.

नंदगडच्या चॅपेलवर, वळचणीपासून तिसऱ्या ओळीत
बापाच्या हातचं एक कौल आहे.
ओलं होतं तेव्हा त्यावरून कुत्रं गेलं.
बाप म्हणाला, राहू दे,
भाजल्यावर जातंय होय ते?

माझ्याही कपाळाला
कुणीतरी अंगठा टेकलेला,
ओला होतो तेव्हा.

हं, मास्तर. पुढचं विचारा.