दुसऱ्या गेटापाशी

दुसरं रेल्वे गेट पडलं की टिळकवाडीत
सगळे गाड्या बंद करतात.
मालगाडी लांबलचक असेल तर हेल्मेटही काढून आरशाला अडकवतात.
एखादाच असतो, इंजिन चालू ठेवणारा,
भुरभुर, भुरभुर, कुठेही न जाता.
चिपचं गणित मला इथे कळलं.
वर्गात नुसतं पाठ होतं.

बोलायचं नाही तेव्हा बंद.
बोलायचं तेव्हा दोन नॅनोसेकंद
(तेवढ्यात उजेडसुद्धा दीड हात जात नाही)
आणि पुन्हा बंद.

ईरण्णा हुद्दार आणि मी, वरच्या मजल्यावर.
खाली पिठाची गिरणी.
ती सुरू झाली की स्कोपवरची रेघ थरथरते,
म्हणून मोजमापं रात्री दहानंतर,
हेस्कॉमची मर्जी असेल तर.
तो म्हणतो, सोरतद.
मी म्हणते, गळतंय.
कुठल्याही भाषेत म्हटलं तरी
बंद ट्रान्झिस्टरमधून करंट जायचा तेवढा जातोच.

आई खानापूरला उतरली की
एक रिंग द्यायची आणि तोडायची.
एक म्हणजे पोचले. दोन म्हणजे बस चुकली.
तीन कधी आल्या नाहीत.
फोन जवळजवळ फुकट झाले
तरी तिने उचलू दिला नाही.
एवढ्याशा गोष्टीला बोलायचं कशाला, म्हणायची.

लहरींचा पट्टा विकत घ्यायला पैसे नाहीत आमच्याकडे.
म्हणून आमची ठिणगी सगळ्यांच्याच पट्ट्यांतून जाते,
इतकी पसरून, इतकी पातळ,
की कुणाच्या खरखरीच्या वर डोकं काढत नाही.
कधी यायची ते ज्याला ठाऊक, त्यालाच ऐकू येते.
सीमेवर वाढलेल्याला हे
दोनदा समजवावं लागत नाही, मी म्हटलं.
ईरण्णा चहा ढवळत म्हणाला,
दोन्ही बाजूंच्या.

पहिल्या चिपा चार महिन्यांनी आल्या.
वीस. बोटाच्या नखावर चार मावतील अशा.
झोपेत नव्वद नॅनोअँपिअर खायला हवे होते,
खात होत्या नऊ मायक्रो.
शंभरपट.
कुणीतरी इंजिन चालू ठेवलं होतं,
आणि तो माणूस मीच:
एक स्विच, रुंदी चुकलेला,
मार्चमधल्या एका रात्री, घाईत.
ईरण्णा काही बोलला नाही.
गिरणीवाल्याकडून ज्वारीचं पीठ घेऊन घरी गेला.

दुसऱ्या खेपेच्या चिपा घेऊन
निपाणीच्या वखारीत गेलो.
तंबाखूच्या बोदांत सेन्सर खुपसले,
नाकाला रुमाल, तरी शिंका.
आतून तापला की बोद काळा पडतो,
ते आधी कळावं, एवढंच काम.
बटणाएवढा सेल, चार वर्षं पुरेल असा आमचा हिशोब.

मल्लव्वा बोद लावणारी. तीस वर्षं हेच.
तिने विचारलं, ह्ये बोलतंय काय?
बोलतंय की, मावशी.
मग ऐकाय का येत न्हाई?
तेच तर, म्हणालो दोघेही.

तिने तिसऱ्या थप्पीतल्या बोदात कोपरापर्यंत हात घातला,
बिसी अद, म्हणाली,
आणि हात बाहेर काढून पदराला पुसला.

तेवढ्यात लॅपटॉपवर एक ओळ उमटली.
तिसरी थप्पी. एक्केचाळीस अंश.

मी सांगिटलं की, मल्लव्वा म्हणाली.
आणि पुढच्या बोदाकडे वळली.

परतताना गेट पडलेलं.
ईरण्णाने किल्ली फिरवली.