साडेसात

बैठकीला मी उशिरा पोचले,
म्हणून सचिव झाले.
मानेवाड्याच्या आमच्या अपार्टमेंटात
निवडणूक ती हीच.

चौदा फ्लॅट, एक बोअर, दोनशे दहा फूट,
तळाच्या अंधारात दोन हॉर्सपॉवरची मोटर,
आत सोडली त्या दिवसानंतर
कोणीच न पाहिलेली.
आणि एप्रिल सरता सरता
भर दुपारी दोनला जाणारी लाइट.

कॉटन मार्केटजवळचा दुकानदार म्हणाला,
दोन एचपीला तीन केव्हीए, पुरून उरेल.
माझ्यासाठी उसाचा रस मागवला, बर्फ जास्त.
सीताबर्डीवरच्याने पंचवीसचा दाखवला,
हत्तीएवढा, पिवळा, कव्हरासकट.
"घेऊनच टाका, उद्या लिफ्ट लावली तर?"
आमच्याकडे लिफ्टला जागा नाही.
तरी त्या रात्री मी वहीत "लिफ्ट" लिहिलं.
मग खोडलं.

तांडापेठेतला शालिक धकाते
जळलेल्या मोटरी वाइंड करतो.
बापाचा माग होता;
तांब्याची तार तो अजून सुतासारखीच धरतो,
बोटांत, जरा ढिली.
त्याला काही विकायचं नव्हतं.
चप्पल काढून पॅनेलपाशी बसला,
केबलला क्लॅम्प मीटरचा चिमटा लावला,
"काट्याकडे पाहा जी मॅडम, पाण्याकडे नाही."

बटण दाबलं.
काटा चाळिसावर उडाला
पापणी लवायच्या आत,
आणि तेरावर येऊन बसला,
जणू तो गेलाच नव्हता कुठे.

"चालाले तेरा. उठाले चाळीस.
तीनवाला त्या चाळिसातच मरते.
पंचवीसवाला नाही मरत, पण त्याले कामच पुरत नाही,
रिकामा पहिलवान तो,
काजळी धरते, धूर ओकते, डिझेल पेते.
अन् आपलं ऊन धरा न हिशेबात,
सेहेचाळीस डिग्रीत इंजिनाचाही जीव
थोडा कमी होते.
साडेसात घ्या."

आकडे त्याने केपॅसिटरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडले,
पुठ्ठा मला दिला,
पेन्सिल कानावर परत.

घरी बाबांना खाटेवरून उठवायची वेळ झालेली.
आई काखेत हात घालते, मी कमरेला,
शेजारचा निहाल समोरून ओढतो,
एका कानात इअरफोन तसाच.
एक, दोन...
बाबा एक शिवी देतात, ती कोणालाच नसते,
आणि उभे राहिले की
आम्हा तिघांचे हात झटकून
भिंतीच्या आधाराने एकटे
बाल्कनीपर्यंत जातात.

मी निहालला विचारलं, वजन किती रे तुझं?
तो म्हणाला, काहून?
काही नाही.

बैठकीत खजिनदार भोंगाडे म्हणाले,
साडेसात? मागे लावून घ्यायची का साडेसाती?
मी म्हटलं, मग आठचा शोधा, कोणी बनवत नाही.
कोणीतरी हसलं, ठराव पास झाला.
पुठ्ठा पर्समध्येच राहिला.

अकरा मेला लाइट गेली.
मी खाली. किल्ली फिरवली.
इंजिन खोकलं, धरलं.
मिनिटभर थांबायला सांगितलं होतं, तेवढी थांबले,
मग मोटरचं बटण.

जिन्यातला बल्ब खोल गेला,
हळदीसारखा पिवळा,
जनरेटरचा आवाज ओणवा झाला,
आणि मी तिथे उभी,
कोणाच्या तरी काखेत
हात घातल्यासारखी,
श्वास धरून.

बल्ब वर आला.

जरा वेळाने गच्चीवरून
टाकीत पाणी पडल्याचा आवाज.
फोन वाजला. चौथ्या मजल्यावरच्या रंगारी काकू.
"पाणी आलं हो बाई नळाला.
पण केवढं चटकते!"