दोरावरची एक जागा

चिलोए बेटावरून चित्रफीत आली तेव्हा
मी सांतियागोत, चौथ्या मजल्यावर,
गोगलगाईच्या शिंगांना पिवळा रंग देत होते.
आमच्या कार्यक्रमात मुलांना देश तीच दाखवते:
पाठीवर बिऱ्हाड, नकाशावर तुटक लाल रेघ,
आणि दर भागात शेवटी एक प्रश्न.
डोंगर खरा, बोट खरी, माणसं खरी.
खोटी तेवढी ती एकटी.

या वेळचा विषय, घर हलवणं.
पाडायचं नाही, नवं बांधायचं नाही,
आहे तसं, खिडक्यांच्या पडद्यांसकट,
ओंडक्यांवर चढवायचं
आणि ओहोटीच्या चिखलातून
सगळ्या गावानं ओढत न्यायचं पलीकडच्या किनाऱ्याला.
गोगलगाईला याहून घरचा विषय कुठला?

गावाला आधीच सांगून ठेवलेलं:
दोरावर निबाल्दो आणि त्याच्या मेव्हण्याच्या मध्ये
एक जागा सोडा.
तिथं काठीला टेनिसचा चेंडू खोचला,
'बोलताना याच्याकडे बघा.'
निबाल्दो बघतो. चेंडूला अगदी गंभीरपणे विचारतो,
'तुमच्याकडे कशी हलवतात हो घरं?'
आणि उत्तरासाठी चार सेकंद थांबतो.
ती चार सेकंदं माझी.

एकविसाव्या मिनिटाला घर रुततं.
पाणी परत फिरलेलं, बैलांच्या गुडघ्यांशी आलेलं,
कुणीतरी ओरडतं, काठी आडवी होते,
आणि घराची मालकीण, एल्बा मियालोंको,
वय अठ्ठ्याहत्तर,
एप्रनला हात पुसत त्या जागेत शिरते
आणि दोर धरते.

फोन आला, 'बाईंना पुसता येईल?'
येतं की. दोन दिवसांचं काम.
खांद्यापासून सुरुवात केली, कोपरापर्यंत आले.
पण दोर ताणलेला होता.
तिला काढलं की
तो तिथं कुणाच्या जोरावर ताणलाय
ते मला रंगवता येईना.

मग गोगलगाय गेली छपरावर.
नुसती बसून राहिली,
पोटात पाय असूनही.
शेवटचा प्रश्न: दोरावर हात किती? मोजा.

उत्तरं आली. चौऱ्याऐंशी, नव्वद, एकशे दोन.
एका मुलीनं लिहिलं, त्र्याऐंशी,
कारण एका काकांनी एका हातानं टोपी धरलीय.
(मी पुन्हा पाहिलं. धरलीय.)

बेटावरच्या शाळेत भाग दाखवला तेव्हा
एल्बाबाई सबंध वेळ गप्प होत्या म्हणे.
दिवे लागल्यावर विचारलं,
'घर ओढलं त्या सगळ्यांना मी जेवू घातलं.
शिंपले, डुकराचं मांस, बटाटे,
खड्ड्यातून काढलेलं, वाफाळतं.
ती छपरावर बसलेली,
तिला कुणी वाढलं का?'

तोवर भाग संपलेला, पैसेही.
रात्री मी एक चौकट काढली,
कुठल्याच पडद्यावर न जाणारी:
खड्ड्याच्या कडेला ताटली, ताटलीत एक बटाटा,
वाफ,
आणि शिंगं आत ओढून घेतलेली ती.
टपालाचा पत्ता लिहिताना अडले.
घर हललं होतं,
नवा पत्ता कुणी कळवलाच नव्हता.