मात्रागुना

पहिल्या हिवाळ्यात काहीच उगवलं नाही.
पारास्कानं बिया ओल्या वाळूत कालवून
लोणच्याच्या बरणीत भरल्या होत्या,
बरणी गोठ्यामागे पुरून
वर गुडघाभर बर्फ साचू दिला होता.
वसंतात निघाली ती नुसती वाळू.

दुसऱ्या वर्षी एक कोंब. तो गोगलगाईनं खाल्ला.
गोगलगाईला काहीच झालं नाही.
पारास्का दोन दिवस तिच्याकडे बघत होती.

तिसऱ्या वर्षी, मारामुरेशच्या त्या उतारावर
जिथे कुरण संपतं
आणि बीचच्या झाडांची सावली
पाण्यासारखी खाली ओघळते,
ती उभी राहिली, कमरेएवढी,
मळकट जांभळ्या घंटा झुकवून,
आणि ऑगस्ट सरता सरता काळी फळं,
नुकत्याच रडलेल्या डोळ्यांसारखी.

तिला तिथे कुणी नावानं हाक मारत नाही.
थोरल्या बाई म्हणतात.
नाव मात्रागुना. आपल्या कानाला त्यात मात्रा ऐकू येते,
गुणही,
आणि कान जरा टवकारला तर गुन्हा.
तिथल्या लोकांना यातलं काही ठाऊक नाही,
तरी ते सांगतात तेच:
नखभर जास्त झालं की माणूस भिंतींशी बोलू लागतो
आणि भिंती उत्तर देतात.

अंड्यांची टरफलं कुटून मुळाशी घालायची.
ऊन नको. पाणी फार नको.
मंगळवारी पावाचा तुकडा, मीठ, चिमूटभर साखर,
घोटभर होरिंका, घरची, आलुबुखाराची.
आणि तिच्यासमोर कुणाची निंदा करायची नाही.
हे शेवटचं पारास्काला सगळ्यात जड गेलं.

माणसं येऊ लागली.
खानावळवाला तोदेर आला, गिऱ्हाईक तुटलं होतं त्याचं.
पान उंबऱ्याखाली पुरून गेला.
एक आई आली, लेकीचं लग्न जमेना म्हणून,
मुळाचा तुकडा लेकीच्या परकरात शिवायला.
एक तरुण आला, तोंड घट्ट मिटून,
कारण सांगेना. पारास्कानं त्याला दूध पाजून परत पाठवलं.
रागानं उपटलेलं मूळ
राग घेऊनच घरात शिरतं.

मग एका संध्याकाळी फाटकापाशी नास्तासिया.
सख्खी बहीण. अकरा वर्षं बोलणं नव्हतं,
कुरणाच्या एका पट्ट्यावरून,
जेमतेम दोन गंजी गवत निघेल एवढ्या.
पदराखाली पाव, ताजा, अजून गरम.
म्हणाली, मारियुका झारागोसाहून फोन करत नाही.
ख्रिसमसपासून.
बास, एवढंच म्हणाली.

आणि रीत अशी की एकटीनं मूळ काढायचं नाही.
दोघींनी जायचं, पहाटे, कुणी न बघता,
गळ्यात गळा घालायचा,
गोड बोलायचं,
आणि तिच्याभोवती नाचायचं, हसत.

पारास्का एकाहत्तरची, नास्तासिया अडुसष्टची.
रबरी बूट. धुकं.
आधी कुणीच हात पुढे करेना.
मग थोरल्या बाईंसमोर उभं राहून
गोड काय बोलावं तेच सुचेना दोघींना,
तेव्हा नास्तासिया म्हणाली, तुझा पाय सुजलाय.
पारास्का म्हणाली, तुझा पाव छान फुगलाय.
आणि एवढ्यावर नाच सुरू झाला,
जड, वेडावाकडा,
एक बूट चिखलात रुतून मागे राहिला
आणि ज्या हसण्याची रीत होती
ते न ठरवताच आलं, खोकल्यासारखं,
थांबेना.

मूळ निघालं लहानसं. बोटाएवढं.
खड्ड्यात पाव ठेवला, मीठ ठेवलं, माती लोटली.
हात तीनदा धुतले, चौथ्यांदा साबणानं.

फोन आला का, मला माहीत नाही.
कुरणातला खुंटा अजून जागच्या जागी आहे,
त्या पट्ट्यातलं गवत यंदाही उभंच वाळलं.
पण जाताना नास्तासियानं वाळूची बरणी मागितली,
बियांसकट.
पारास्का हो म्हणाली नाही.
झाकण गंजून घट्ट बसलं होतं.
तिनं ते गुडघ्यात धरून
सैल करून दिलं.