उरेप

जानेवारीतला मंगळवार, नॉटिंगहॅम.
शटर अर्धं वर. इस्त्री तापतेय,
आणि बटणांच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये
पॅरिस चालू.

पहिला पोशाख पांढरा. ठीक.
दुसराही पांढरा. बरं, कळलं.
तिसऱ्याच्या खांद्यावर एवढा मोठा बोळा
की पोरीला मान वळवता येईना.
बाजूने कुणी हाक मारली तर काय करेल ती,
अख्खी वळेल, बैलगाडीसारखी?

यातलं एकही मी कधी घालणार नाही.
किंमत विचारणार नाही, विचारायची नसतेच म्हणे.
पण मला मत आहे.
चोवीस वर्षं परक्यांच्या पँटी आखूड करून
कमावलंय ते.

सहावा: मणी, मणी, मणी. मिठाईचं खोकं.
नववा: अगं बाई, हा रंग!
कोकमाचं आगळ पाण्यात सोडलं की
ढवळायच्या आधी
जो धूर उतरतो ग्लासात, तो.
मी इस्त्री उभी करून ठेवली.

बारावा आवडला नाही
आणि आवडला नाही याचा राग आला.
याच माणसाने गेल्या जुलैत काळा कोट केला होता,
साधा, एकही बटण नसलेला,
तो बघताना माझी बस माझ्यासमोरून गेली होती.
आणि आता ही पिसं?
आपल्यातल्याच कुणी वरातीत फार नाचावं
तशी मी शरमले, त्याच्या वतीने.

मग सतरावा आला.

काही नाही हो. करडा. लांब. बाह्या मनगटापर्यंत.
समोरून बघाल तर शाळेतल्या बाई.
ती वळली,
आणि पाठीवरून कापड तिरकं
जिन्यावरून मांजर उतरावं तसं उतरलं,
घाई नाही, आवाज नाही.

उरेप.
बार्शीला आईच्या शिवणवर्गात
खाकी कागदावर पट्टी तिरकी ठेवून ती सांगायची,
सरळ कापलं की कापड ऐकतं,
उरेप कापलं की बोलतं.
पण उरेपला कापड जास्त जातं,
म्हणून परीक्षेपुरतं एकदाच, तेही मांजरपाटावर.
रेशमावर तिने कधी कापलं नाही.

मागे घेतलं. परत बघितलं. परत.
शिवण कुठाय? शिवण सापडेना.
त्या शहरात कुठल्याशा माळ्यावर
बोटात अंगुस्तान, चष्मा नाकाच्या टोकाला,
जेवण राहून गेलेली कुणीतरी बसली असणार यावर
तीन आठवडे, चार.
तिचं नाव कुठे येत नाही.
टाळ्या घ्यायला येतो तो वेगळा,
धुवट टी-शर्ट घालून.

दाराची घंटी वाजली. डोरीन हॅलम, वय ब्याऐंशी,
हातावर नवऱ्याचा कोट, अस्तर सुटलेलं.
नवरा ऑक्टोबरात गेला. कोट तिला घालायचाय.
सोळाव्या वर्षापासून ती लेसच्या गिरणीत
सुटे धागे कापायची, इथेच, दोन गल्ल्या सोडून,
जिथे आता फ्लॅट झालेत आणि कॉफी महाग मिळते.

मी तिला सतरावा दाखवला.
तिने फोन आधी हातभर लांब धरला,
मग पार डोळ्याशी.
"यात बसता येत नसणार," म्हणाली.
आणि पिशवीत रुमाल शोधता शोधता,
"पण मी उभी राहिले असते."

खांदे मोठे होतायत, आत घेऊ का, मी विचारलं.
नको. खांदे राहू दे.
फक्त अस्तर.

ती गेल्यावर करडं कापड काढलं, कपाटाच्या तळाचं,
कुणासाठी तरी ठेवलेलं.
अस्तराचे मी अठरा पाऊंड घेते. त्यात बसणार नव्हतं.
खडू घेतला.
पट्टी तिरकी ठेवली.