लिंपण

पेरूची शेवटची तोड कजगावच्या बाजाराला गेली
की मी चष्मा घेऊन बागेत शिरते.
आता पानं नाही, खोडं बघायची असतात.

दोन फांद्या जिथं फुटतात त्या बेचक्यात
तपकिरी जाळी लोंबते,
भुसा आणि विष्ठा एकाच धाग्यात ओवलेली.
चिंध्या जोडून कुणी वाकळ शिवावी
तशी, एकही टाका न चुकवता.
जाळी खरवडली की भोक.
आत अळी. हिवाळाभर तिथंच.
रात्री बाहेर येऊन साल खाते
आणि उजाडायच्या आत घरी,
पत्ते खेळून येणाऱ्या माझ्या दिरासारखी,
पाय न वाजवता.

सुपडूकडे सायकलची तार आहे.
सायकल कधीच मोडीत गेली,
तार राहिली, टोकाला जराशी वाकवलेली.
तो ती आत सरकवतो, डोळे मिटतो,
बोटांनी ऐकतो.
"आठे नही."
मनगट थोडं डावीकडे.
"आठे शे."
तार बाहेर येते ती ओली.
तो ती धोतराला पुसतो
आणि पुढच्या झाडाकडे जातो.

तार पोचत नाही तिथं माझं काम.
आमच्याच शेतातला, सरकी काढलेला कापूस,
फटफटीच्या टाकीतलं चार थेंब पेट्रोल,
बोळा आत, वरून काळ्या मातीचा गोळा,
अंगठ्यानं दाबायचा, कडा फिरवायच्या.

माझ्याही कानात तोच कापूस आहे.
यंदा गारठा गिरणेवरून सरळ येतो,
मध्ये कुठं थांबत नाही.
बोळे करता करता हात सवयीनं चालायला लागतात
आणि मला वाटतं, झाडाचा कान ठणकतोय,
मी त्याला शेकतेय.
मग पेट्रोलचा वास येतो.

एकोणतिसाव्या झाडात कोळी निघाला.
आठही पाय पोटाशी घेतलेला, बारकासा.
सुपडूनं तार मागं ओढली.
"वहिनी, हाऊ भाडोत्री शे."
त्या भोकाला आम्ही माती लावली नाही.

दुपारी बांधावर पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली.
धुरानं चष्मा पुसावा लागला दोनदा.
संध्याकाळी वहीत लिहिलं:
झाडं शहाण्णव, भोकं एकशे चौदा,
भाडोत्री एक.
गेरू-मोरचुदाचे पट्टे उद्या.

चौथ्या दिवशी एकेचाळीसाव्या झाडाचं लिंपण तडकलेलं.
बोळा खाली गवतात पडलेला,
खोडावर रव्यासारखा ताजा भुसा.
मी लगेच हाक मारली नाही.
भुसा बोटावर घेतला. ओलसर होता.
म्हणजे त्या बोळ्यालाही न जुमानता
रात्री कुणीतरी पोटभर जेवलं होतं.

उभी राहिले थोडा वेळ,
बोट पदराला पुसलं.
मग ओरडले,
सुपडू, तार आण रे.